गार्नर स्टेट पार्क (टेक्सास), आरव्हीने तीन रात्री, सोबत आई-बाबा : बेतात काय सुटतंय?

केटीकर

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरातल्या लाँग वीकेंडला फ्रिओ नदीकाठच्या गार्नर स्टेट पार्कला आरव्ही (आतच झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली गाडी) घेऊन जायचा बेत आहे. शुक्रवार ९ ते सोमवार १२, तीन रात्री. निघणार ह्यूस्टनजवळच्या केटीहून. माणसं सहा : आम्ही दोघं, मुलं ९ आणि ५ वर्षांची, आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. बाबा ७२ वर्षांचे आहेत आणि त्यांचे गुडघे कुरकुरतात. गाडी भाड्याने घेणार, ३० फुटी क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा असलेला प्रकार), एक स्लाइड-आउट (गाडी उभी असताना बाहेर सरकणारा खोलीचा भाग) असलेली. आरव्ही आजवर चालवलेली नाही, यू-हॉलचा सामान हलवायचा भाड्याचा ट्रक चालवलाय.

प्रश्न असे : साइट (पार्कात गाडी उभी करायची जागा) कुठली आणि कधी बुक करायची? साइटवरच्या ३० अँपच्या विजेवर एसी आणि स्वयंपाक दोन्ही चालतं का? आईला रोज वरण-भात-पोळी हवीच. संडासाच्या टाकीचं नक्की काय करतात? रस्ता कुठला धरायचा? आणि गेल्या वर्षीच्या ग्वादालुपे नदीच्या पुरानंतर नदीकाठी झोपायचं म्हटलं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, त्याबद्दलही सांगा.

---

सहाचाकी

आधी बुकिंग, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. टेक्सासच्या स्टेट पार्कांत मुक्कामाचं आरक्षण पाच महिने आधी उघडतं. म्हणजे ९ ऑक्टोबरसाठी ९ मे. त्या दिवशी सकाळी खातं उघडून, पत्ता-कार्ड आधीच भरून तयार बसा. गार्नर हे टेक्सासातलं सर्वांत गर्दीच्या पार्कांपैकी एक, लाँग वीकेंड दुपारपर्यंत टिकत नाही. नाहीच मिळालं तर रोज एकदा बघत राहा. लोक तारीख जवळ आल्यावर रद्द करतात आणि त्या साइट पुन्हा दिसायला लागतात.

साइट निवडताना तीन गोष्टी. एक, तिथे वीज आहे ना. गार्नरला नुसतं पाणी असलेल्या साइटही बऱ्याच आहेत, त्या तंबूवाल्यांच्या. चुकून ती घेतलीत तर एसी फक्त जनरेटरवर, आणि रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असल्याने झोपायच्या वेळीच तो बंद. दोन, साइटची लांबी : ३० फुटी गाडीला किमान ३५ फूट बघा. तीन, बाथरूमपासूनचं अंतर. बाबांसाठी हे नदीपेक्षा महत्त्वाचं. नदीला अगदी लागून असलेल्या साइटच्या मागे धावू नका, त्यावर खाली कोणीतरी लिहीलच. सांडपाण्याच्या जोडणीसकट, म्हणजे फुल हुकअप मिळाली तर सोनं. नाहीतर पार्कात डंप स्टेशन, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा आहे.

चेक-इन दुपारी २ नंतर, साइट सोडायची १२ वाजेपर्यंत. एका साइटवर आठ माणसांची मर्यादा, त्यात तुम्ही बसता. प्रवेशशुल्क साइटच्या भाड्यात धरलेलं नसतं : गार्नरला माणशी रोज ८ डॉलर, १२ वर्षांपर्यंतची मुलं फुकट. चार मोठे, तीन दिवस म्हणजे ९६ डॉलर. स्टेट पार्कचा वर्षाचा पास ७० डॉलरचा आहे आणि तो त्या गाडीतल्या सगळ्यांना लागू होतो. म्हणजे या एका सहलीतच वसूल.

आणि एक आगाऊ सल्ला : आरव्हीबरोबर घरची एक गाडीही न्या. कारण पुढच्या प्रतिसादांत आपोआप कळेल.

---

फ्यूजवायर

विजेचं गणित सांगतो, कारण नवखी माणसं इथेच अडकतात.

३० अँपचा प्लग म्हणजे १२० व्होल्टवर एकूण ३,६०० वॅट. सलग तासन्‌तास चालवायचं तर २४ अँपच्या आत राहिलेलं बरं. आता खर्च बघा. छतावरचा एसी १३ ते १५ अँप. मायक्रोवेव्ह १२-१३. पाणी तापवायच्या टाकीचं विजेचं एलिमेंट साधारण १२. इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर १५. इन्स्टंट पॉट ८-९. बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर गुपचूप ३ ते ५ खातो. म्हणजे एसी चालू असताना वर एकच मोठी वस्तू, दुसरी लावलीत की ब्रेकर पडला. नियम सोपा ठेवा : गरम पाणी गॅसवर, फ्रिजला पर्याय असेल तर तोही गॅसवर, वीज एसीला.

स्वयंपाकासाठी एक युक्ती. साइटवरच्या विजेच्या खांबावर ३० अँपच्या सॉकेटशेजारी बहुतेकदा २० अँपचं साधं सॉकेट असतं आणि त्याचा ब्रेकर वेगळा असतो. त्यावर १२ गेजची (जाड तारेची), बाहेर वापरायची एक्स्टेन्शन वायर लावून इन्स्टंट पॉट किंवा इंडक्शन बाहेरच्या टेबलावर चालवा. आतला एसी बिनधास्त चालू राहतो. घरातली बारीक पांढरी वायर अजिबात नको, ती तापते आणि प्लगच्या तोंडाशी वितळते. सांगलीहून आलेला २३० व्होल्टचा मिक्सर १२० वर नुसता घुरघुरेल. चटण्या घरूनच वाटून न्या.

जोडायचा क्रम : खांबावरचा ब्रेकर बंद, मग ईएमएस (व्होल्टेज तपासणारा सर्ज प्रोटेक्टर) खांबाला लावा, ब्रेकर चालू करून त्याचे दिवे वाचा. अर्थिंग नाही किंवा तारा उलट जोडल्यात असं दाखवलं तर गाडी जोडूच नका, ऑफिसात सांगून साइट बदलून घ्या. सगळं ठीक असेल तर पुन्हा ब्रेकर बंद, गाडीची वायर जोडा, ब्रेकर चालू. काढताना उलट क्रम. जिवंत सॉकेटमधून प्लग ओढला की ठिणगी पडते, पाती काळी होतात, आणि पुढच्या माणसाला तेच जळकं सॉकेट मिळतं. दुपारी सगळ्या साइटचे एसी लागले की व्होल्टेज खाली येतं. १०५ च्या खाली गेलं तर एसी बंद करा, कॉम्प्रेसर जळण्यापेक्षा घाम बरा. नुसता सर्ज प्रोटेक्टर कमी व्होल्टेजला काही करत नाही, घेताना ईएमएसच घ्या. भाड्याच्या गाडीबरोबर तो सहसा मिळत नाही.

पाण्याच्या टाकीच्या हीटरचं विजेचं बटण दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ सोडून बघा, धार नीट, हवेच्या फुसफुशीशिवाय आली पाहिजे. टाकी रिकामी असताना एलिमेंट चालू झालं तर मिनिटभरात जळतं आणि ते डिपॉझिटमधून कापलं जातं.

---

डब्यातला_भात

केटीकर, पोळ्यांचं सांगते. क्लास सीमध्ये तीन बर्नरची गॅसची शेगडी असते खरी, पण ती चिंचोळी. पाच लिटरचा कुकर ठेवला की शेजारी तवा बसत नाही. छत डोक्यापासून हातभर, त्यामुळे तव्याचा धूर थेट स्मोक अलार्मला. मिरची-हिंगाची फोडणी आत केलीत तर तो हमखास कोकलतो. लोक मग वैतागून त्याची बॅटरी काढून ठेवतात, ते करू नका. गॅसवर चालणाऱ्या फ्रिज-हीटरच्या घरात रात्री तोच राखणदार. जमिनीजवळ गॅसगळतीचा वेगळा डिटेक्टर असतो, तो डिओडरंटच्या फवाऱ्यानेही बोंबलतो.

म्हणून फोडणी आणि तवा बाहेर. दोन बर्नरची कॅम्पिंग शेगडी न्या. हिरव्या एक पौंडी प्रोपेनच्या बाटलीत सुमारे २१,६०० बीटीयू (उष्णतेचं माप) असतात, दोन्ही बर्नर पूर्ण आचेवर तासाभरात संपते. तुमच्या तीन दिवसांना चार-पाच बाटल्या लागतील. वारा असला तर झाकणाचे पंख उभे करा, नाहीतर पोळी भाजत नाही, नुसती वाळते. आत स्वयंपाक करायचाच झाला तर शेगडीवरचा पंखा लावण्याआधी बाहेरून भिंतीवरच्या झडपेची खिटी उघडलीय का बघा. प्रवासात ती बंद असते, आणि पंखा फिरतो पण वाफ आतच.

पहिल्या रात्रीचं जेवण घरून : धपाटे किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. पोचल्यावर गाडी लेव्हल करणं, पाणी-वीज जोडणं यात दीड तास जातो आणि मुलं भुकेने रडकुंडीला येतात. कणीक घरून मळून नेऊ नका, फ्रिज लहान असतो. जाडसर वरण शिजवून गोठवून न्यायचं, तेच फ्रिजमध्ये बर्फाच्या लादीचं काम करतं.

फ्रिज आदल्या रात्रीच चालू करायला सांगा. जुन्या पद्धतीचा, गॅसवरही चालणारा फ्रिज थंड व्हायला ८ ते १२ तास घेतो आणि गाडी तिरकी उभी असेल तर नीट थंड होतच नाही. गाडीत तो आहे की १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला, हे भाड्याने घेतानाच विचारा.

भाजीपाला-दूध राहिलंच तर युव्हाल्डीला एचईबी हे किराणा दुकान आहे, पार्कापासून साधारण ३० मैल. पार्कालगतच्या दुकानांत बर्फ, लाकूड आणि चिप्स मिळतील, कोथिंबीर नाही.

आणि हळद! आरव्हीचं सिंक बहुधा प्लास्टिक नाहीतर फायबरचं असतं. हळदीचं पाणी रात्रभर राहिलं की पिवळा डाग कायमचा. ताटं सरळ कागदी घ्या.

---

सहाचाकी

टाक्यांचं मी लिहितो, कोणी हात लावत नाहीये :)

गाडीत तीन टाक्या. ताजं पाणी, ग्रे (सिंक आणि शॉवर), ब्लॅक (संडास). या मापाच्या गाडीत ताजं पाणी ४० गॅलनच्या आसपास, ग्रे आणि ब्लॅक प्रत्येकी ३० च्या आसपास. नेमके आकडे करारात किंवा दारामागच्या स्टिकरवर असतात. साइटवर पाण्याचा नळ असल्याने ताजं पाणी संपायचा प्रश्न नाही. उलट तोच सापळा : पाणी अमर्याद येतं, जायला जागा ३० गॅलन.

सहा जणांनी आत अंघोळ केली, प्रत्येकी अगदी काटकसरीने तीन गॅलन, तर १८. भांडी आणि हात धुणं मिळून ८-१०. म्हणजे एका दिवसात ग्रे टँक भरली. भरल्यावर पाणी शॉवरच्या मोरीतून वर येतं, तेही आदल्या दिवशीच्या आमटीच्या वासासकट. त्यामुळे अंघोळी पार्कच्या बाथरूममध्ये, तिथे शॉवर आहेत. आतला शॉवर फक्त बाबांसाठी राखून ठेवा. तेलकट भांडी आधी कागदाने पुसून मग धुवा. तेल आणि भाताची शितं टाकीत गेली की सेन्सरवर थर बसतो, आणि मग पॅनेल टाकी रिकामी असतानाही 'दोन तृतीयांश' दाखवत राहतं.

ब्लॅक टँकबद्दल आपल्या मंडळींना एक फायदा आहे. पाणी वापरण्याची सवय टाकीला चांगलीच. कोरड्या टाकीत कागदाचा आणि मैल्याचा ढीग बरोबर भोकाखाली साचतो आणि दगडासारखा बसतो, ती खरी डोकेदुखी. फक्त हिशेब ठेवा : फ्लशचं आणि तांब्याचं मिळून दर खेपेला अर्धा-पाऊण गॅलन. सहा माणसं, माणशी चार खेपा, म्हणजे दिवसाला १२ ते १८. फुल हुकअप नसेल तर दिवसा पार्कचं बाथरूम, रात्री आणि आई-बाबांसाठी आतलं, एवढं ठरवलंत तर तीन रात्री निभतील. टाकीत कागद फक्त लवकर विरघळणारा. ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलं असलं तरी नाही, ते व्हॉल्व्हच्या पात्यात अडकतात आणि मग तो पूर्ण मिटत नाही. सुरुवातीला दोन-तीन गॅलन पाणी आणि औषधाची पुडी टाकून ठेवा.

फुल हुकअप मिळाली तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही. पातळ वाहून जातं, घट्ट मागे राहतं. दोन तृतीयांश भरल्यावर एकदम सोडा.

रिकामी करताना : हातमोजे. आधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत हे बघा, मगच बाहेरचं झाकण काढा आणि ते काढताना समोर उभं राहू नका. आधीच्या भाडेकरूने व्हॉल्व्ह अर्धवट सोडलेला असतो. नळी गाडीला आणि जमिनीतल्या भोकाला घट्ट बसवा, पारदर्शक कोपर असेल तर आतलं दिसतं. आधी ब्लॅक, पूर्ण रिकामी झाली की बंद. मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हा क्रम उलटा केलात तर घाण नळी घेऊन घरी जाल. डंप स्टेशनवर धुवायला ठेवलेली नळी पिण्याच्या पाण्याला कधीच लावू नका. पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी पांढरी नळी असते. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर (४५-५० पीएसआय) लावा, मग नळी. पार्कच्या नळाला जोर जास्त असला तर आरव्हीचे प्लास्टिक पाइप भिंतीच्या आत सांध्यावर सुटतात आणि ते कळतं गालिचा भिजल्यावर.

सोमवारी डंप स्टेशनला रांग लागते. १२ वाजता साइट सोडायची म्हणजे साडेनऊलाच तिकडे जा.

---

कृष्णाकाठ

जरा वेगळं मत. ७२ वर्षांचे बाबा, दुखरे गुडघे, आणि गाडी चालवणारा नवखा. आरव्हीच का? गार्नरला केबिन आहेत, जाळी लावलेले शेल्टरही आहेत. केबिनमध्ये संडास, एसी, स्वयंपाकाची सोय. क्लास सीच्या दाराला दोन-तीन उंच पायऱ्या, आत संडासाचं दार एवढुंसं, रात्री डायनेटचा (जेवणाच्या टेबल-बाकांचा) पलंग केला की संडासाला जायची वाट अडते. मुलांना आरव्ही आवडेल हे मान्य, पण सहा जणांत दोघांच्या हौसेपायी बाकी चौघं अवघडणार.

---

केटीकर

कृष्णाकाठ, केबिन बघितल्या, पण लाँग वीकेंडला त्या मिळणं आणखी कठीण असं ऐकलंय. दोन्हीसाठी प्रयत्न करू. सहाचाकी आणि फ्यूजवायर, मनापासून आभार. आरव्हीच घेतली तर बसायची व्यवस्था कशी? मुलं मागे पलंगावर झोपून जाऊ शकतात का?

---

घाटरस्ता

नाही, अजिबात नाही. टेक्सासात चालत्या गाडीत सगळ्यांना पट्टा बंधनकारक आहे, आरव्ही त्याला अपवाद नाही. आणि आठ वर्षांखालचं मूल ४ फूट ९ इंचांपेक्षा बुटकं असेल तर त्याला चाइल्ड सीट. तुमची खरी अडचण इथे आहे. डायनेटच्या बाकांवर बहुतेक गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असतो. बूस्टरला खांद्याचा पट्टाही लागतो, तेव्हा तिथे बूस्टर चालत नाही. पाच पट्ट्यांची हार्नेस सीट पुढे तोंड असलेल्या बाकावर कमरेच्या पट्ट्याने बसते, पण सीटचा वरचा पट्टा (टेदर) अडकवायला हूक सहसा नसतो. मागे तोंड असलेल्या किंवा आडव्या सोफ्यावर सीट लावायचीच नाही.

म्हणूनच सहाचाकींनी म्हटलेली दुसरी गाडी. मुलं आणि आई-बाबा घरच्या गाडीत, एक जण ती चालवेल, दुसरा आरव्ही. आई-बाबांनाही टेकून बसता येतं. वर पार्कात पोचल्यावर दूध आणायला सगळी वीज-पाणी सोडून ३० फुटी धूड हलवावं लागत नाही. साइटवर दोन वाहनं चालतात का ते बुकिंगच्या पानावर बघा, जादा गाडीचे वेगळे पैसे पडू शकतात.

परवाना : २६,००० पौंडांपर्यंतच्या गाडीला टेक्सासचा नेहमीचा परवाना पुरतो, भाड्याच्या क्लास सी त्याच्या बऱ्याच खाली असतात. घरच्या गाडीचा विमा भाड्याच्या आरव्हीला लागू होईलच असं धरू नका, एजंटकडून लेखी घ्या. करारात मैलांची मर्यादा, जनरेटरचा ताशी दर आणि टाक्या न रिकामी करता परत दिल्याचा दंड, हे तीन आकडे शोधा. ताब्यात घेताना छतासकट आतून-बाहेरून व्हिडिओ काढा. टायरच्या कडेवर डीओटी नंतरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. भरपूर नक्षी शिल्लक असलेला पण सहा-सात वर्षांचा टायर दिसला तर दुसरी गाडी मागा. आरव्हीचे टायर झिजून नाही, उन्हात वाळून फुटतात.

रस्ता : आय-१० ने सॅन अँटोनियो, शहराबाहेरून १६०४ या रिंगरोडच्या वळशाने यूएस ९० पश्चिमेला, कॅस्ट्रोव्हिल, हाँडो, सबिनल. सबिनलहून स्टेट हायवे १२७ ने काँकॅन, तिथून यूएस ८३ उत्तरेला आठेक मैल, मग उजवीकडे १०५० नंबरचा रस्ता. एकूण २६०-२७० मैल. फोन तुम्हाला सॅन अँटोनियोनंतर बँडेरा-युटोपियावरून डोंगरातून घालायला बघेल. अंतर कमी दिसतं, पण वळणं आणि चढ-उतार नवख्याला नकोत. ३३७ नंबरचा रस्ता तर मुळीच नको, तो मोटरसायकलवाल्यांचा लाडका घाट आहे, यावरून ओळखा. ६० च्या वेगाने, थांबत थांबत सहा तास धरा. सकाळी ८ ला निघा. हिवाळा नसला तरी डोंगरात अंधार पडला की हरणं रस्त्यावर येतात, आणि अंधारात नवखा माणूस मागे घेताना झाडाला ठोकतो.

पेट्रोल गॅलनला ८ ते १० मैल, म्हणजे एका बाजूने ३० गॅलनच्या आसपास. हाँडोत टाकी भरून घ्या. भरताना गॅसवरचा फ्रिज-हीटर बंद.

चालवताना दोनच गोष्टी यू-हॉलपेक्षा वेगळ्या. मागच्या चाकांमागे दहा फूट शेपूट असते, ती वळताना उलट्या दिशेला तीनेक फूट बाहेर झुलते. पंपाला खेटून उभं राहून जोरात वळलात की शेपूट पंपाला लागते. आणि उंची, एसीसकट १२ फुटांपर्यंत. खरी उंची टेपवर लिहून काचेला चिकटवा. पार्कात ओकच्या आडव्या फांद्या छताला लागतात. मागे घेताना एक माणूस खाली उतरून, आरशात दिसेल असा उभा हवाच.

---

नदीची_नोंद

पुराचं. ही भीती फाजील नाही. ४ जुलै २०२५ च्या पहाटे कर नावाच्या परगण्यात ग्वादालुपे पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली. शंभराहून अधिक माणसं गेली, नदीकाठच्या आरव्ही पार्कांतल्या गाड्या वाहून गेल्या. फ्रिओ त्याच हिल कंट्रीतली, जराशी पश्चिमेला. कारण एकच : चुनखडीवर मातीचा पातळ थर, पाणी मुरत नाही, उतारावरून थेट नदीत येतं. डोक्यावर चांदणं असताना वर लेकी गावाच्या बाजूला पाऊस झाला तरी खाली पाणी वाढू शकतं. आणि हे फक्त उन्हाळ्यात होतं असंही नाही, १९९८ चा मोठा पूर ऑक्टोबरातलाच.

तेव्हा करायचं काय? साइट नदीपासून चढावरची घ्या. चालत पाच मिनिटं जास्त लागली तरी चालेल. एनओएए वेदर रेडिओ (सरकारी हवामान इशारे देणारा) घ्या, बॅटरीवर चालणारा, परगण्याचा कोड भरता येणारा. पार्कात मोबाइलचा सिग्नल तुटक आहे, इशारा फोनवर येईलच या भरवशावर झोपू नका. नकाशेही घरूनच उतरवून ठेवा. पोचल्याच्या संध्याकाळी, उजेडात, सगळ्यांनी उंचावर जायची वाट पायी चालून बघा, बाबांना किती वेळ लागतो तेही मोजा. रात्री चपला, विजेरी आणि औषधांची पिशवी दाराशी. इशारा आला तर आरव्ही वाचवायला जायचं नाही. स्लाइड आत, वायर-नळ्या सोडणं, किल्ली, यात पंधरा मिनिटं जातात. माणसं वर, गाडी जाईना का. शुक्रवारी सकाळी फ्लड वॉच (पुराच्या शक्यतेची सूचना) लागलेलं दिसलं तर निघूच नका, पैसे गेले तर गेले.

रस्त्यात पाणी आडवं आलं तर : सहा इंच वाहतं पाणी माणसाला पाडतं, फूटभर पाणी छोटी गाडी तरंगवतं, दोन फूट जवळपास कुठलीही गाडी नेतं. आरव्ही जड असली तरी तिच्या सपाट अंगाला पाण्याचा रेटा जास्त बसतो.

आता उलट टोक. दुष्काळी वर्षी फ्रिओत ट्यूब घेऊन उतरलात तर अर्धा वेळ ती काखेत घेऊन दगडांवरून चालावं लागतं. निघण्याच्या आठवड्यात यूएसजीएसचं (नद्यांचं पाणी मोजणारं सरकारी खातं) 'फ्रिओ रिव्हर, काँकॅन' हे केंद्र (क्रमांक ०८१९५०००) बघा. दोन-तीन आठवड्यांचा आलेख बघायचा, एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. पाणी झऱ्याचं, थंड, आणि फ्रिओ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच थंड. तळाच्या चुनखडीवर शेवाळ असतं, पट्ट्याने पायाला आवळून बसणारी पाण्यातली चप्पल प्रत्येकाला. टेक्सासात १३ वर्षांखालच्या मुलांना छोट्या बोटीत, कयाकमध्ये लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. ट्यूबमध्येही घालाच. बाबांसाठी काठावरच्या सायप्रसच्या सावलीत खुर्ची टाका. त्या झाडांची मुळं पाण्यात शिरलेली बघत बसणं हेच गार्नरचं खरं सुख, असं माझं मत.

काठावर तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावू नका, पॉयझन आयव्ही. रात्री टेबलावर खाणं ठेवलंत तर रकून येतील, झाकणाला कडी असलेला डबाही ते उघडतात.

---

डब्यातला_भात

शेकोटीचं राहिलं. परगण्याचा बर्न बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) लागला असेल तर लाकूड-कोळसा बंद, गॅसची शेगडी चालते. लाकूड घरून नेऊ नका. हिल कंट्रीत ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग ओकची झाडं मारतोय, आणि तो रोगट लाकडातूनही पसरतो. तिथलंच विकत घ्या.

आणि उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी : पार्कात रोज रात्री ज्यूकबॉक्सवर नाच असतो, १९४० च्या दशकापासूनची रीत. ऑक्टोबरात तो नसतो, त्यामुळे केटीकर, तुम्हाला झोप मिळेल.

---

केटीकर

घरच्या गाडीचं पटलं, बुकिंगचा गजर ९ मेचा लावला. शेवटचा प्रश्न : लेव्हलिंग म्हणजे नक्की किती सरळ? आणि स्लाइड-आउट कधी काढायचा?

---

सहाचाकी

झोपताना डोकं खाली जात नाही आणि संडासाचं दार आपोआप उघडत-मिटत नाही, इतकं सरळ. जुन्या पद्धतीचा फ्रिज असेल तर थोडं काटेकोर. फोनमधला बबल जमिनीवर ठेवून बघा. आधी आडवं, मग उभं. पिवळ्या ठोकळ्यांच्या थप्पीवर चाक चढवायचं. मागच्या जोडचाकात दोन्ही टायर ठोकळ्यावर हवेत, एकावरच भार आला तर तो फुटतो. मग हँडब्रेक, चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर, आणि त्यानंतरच स्लाइड. तिरक्या गाडीत स्लाइड काढलात तर रूळ पिळतात. काढण्याआधी बाहेर एक माणूस उभा करा : विजेचा खांब, झाड, टेबल स्लाइडच्या वाटेत आहे का. आत जमिनीवर मुलांच्या चपला नाहीत ना, तेही बघा. त्या खाली अडकल्या की मोटर कण्हते आणि बटण दाबणारा जोर लावत राहतो.

बाबांसाठी दाराबाहेर रुंद, दांडी असलेलं स्टूल ठेवा. गाडीच्या घडीच्या पायऱ्या डुगडुगतात. मागचा पलंग आई-बाबांना, ड्रायव्हरवरचा माळा मुलांना, डायनेट तुम्हा दोघांना. संडासाची वाट अडली तर ती तुमच्यामुळेच अडेल आणि उठायचंही तुम्हालाच.

सोमवारी निघताना एक जण गाडीभोवती पूर्ण फेरी मारेल : अँटेना खाली, स्लाइड आत, पायऱ्या आत, छताची झरोका-झाकणं बंद, गॅस बंद, वायर-नळ्या आत, पाचर काढलेले. ठोकळे मात्र बहुतेकदा मागेच राहतात. दहा फूट पुढे जाऊन थांबा आणि रिकाम्या साइटवर नजर टाका.